स्टिकर निघत नाही

लोक त्यांना अलगदकाका म्हणायचे, कारण दिवसातून चाळीस वेळा त्यांच्या तोंडी तो एकच शब्द असायचा. गिऱ्हाइकानं उतावीळपणे टाकीवरच्या स्टिकरला नख लावलं की, "अलगद!" गाळ्याच्या मालकानं खुर्ची फरफटत ओढली की, "अलगद!" घरी काकूंनी रागानं ताटली आपटली की मात्र ते गप्प बसायचे. तिथं हा शब्द चालत नाही, हे तीस वर्षांच्या संसारात त्यांना कळून चुकलं होतं.

त्यांचा धंदा ऐकून माणसं आधी हसायची आणि मग विचारायची, "ते ठीक आहे, पण पोटापाण्यासाठी काय करता?" ते मोटारसायकलींवरची स्टिकरं काढायचे. एवढंच करायचे. जुन्या मोटारसायकली विकणाऱ्या एका मोठ्या गाळ्याच्या मागच्या अंगाला पत्र्याचं छप्पर होतं. त्याखाली त्यांचं एक ठेंगणं स्टूल, दोन बादल्या, जुन्या बनियनांच्या चिंध्यांचं बोचकं, गोडेतेलाची बाटली, स्पिरिटची बाटली आणि लेकीच्या ब्यूटी पार्लरमधून निवृत्त झालेला एक गुलाबी हेअर ड्रायर. विकायला आलेली प्रत्येक गाडी आधी इथं यायची. तिच्या अंगावर जुन्या मालकाचा सगळा स्वभाव चिकटलेला असायचा: कवट्या, ज्वाळा, विजा, 'अंतर ठेवा', 'जळू नका', मुलांची नावं, प्रेयसीचं नाव आणि घाईघाईनं तिच्यावर डकवलेलं बायकोचं नाव. काका ते सगळं उतरवून गाडी कोरी करून द्यायचे. नव्या मालकाला तिच्यावर स्वतःची कवटी चिकटवायला जागा मोकळी व्हायची.

आधी ते गाड्या रंगवायचे. वीस वर्षं फवारणीचा धूर छातीत गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, रंग सोडा, नाहीतर श्वास सुटेल. म्हणून ते या कामाकडे वळले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका लाल टाकीवरचा डिंक घालवायला थिनर वापरला. डिंक गेला. त्याच्यापाठोपाठ रंगही गेला. हातातली चिंधी किती सुरेख लाल झाली आहे, हे बघत ते उभेच राहिले.

मालक म्हणाले, "स्टिकर काढायला सांगितलं होतं. गाडीची कातडी सोलायला नव्हतं सांगितलं."

हे बोलणं काकांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून त्यांनी थिनर, ब्लेड आणि तारेची घासणी या तिघांना छपराखाली बंदी केली. आधी ड्रायरची ऊब द्यायची, तीही वीतभर लांबून, टाकीला हात लावून ठेवता येईल इतपतच. मग कोपऱ्यात नख घालायचं. उचललेलं टोक वर ओढायचं नाही, मागं दुमडून टाकीला चिकटूनच ओढत न्यायचं, आणि इतकं सावकाश की बघणाऱ्याला जांभई यावी. उरलेल्या डिंकावर तेलाची चिंधी ठेवून दहा मिनिटं दुसरीकडे बघायचं. डिंक मऊ झाला की पुसायचा. हट्टी असेल तर स्पिरिट, पण तेही आधी सीटखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी लावून बघायचं. शेवटी साबणाचं पाणी आणि पॉलिश. घाई केलेलं एकही काम त्यांच्या हातून पुन्हा गेलं नाही, आणि त्यामुळे मालकांचा रक्तदाब कधी खाली आला नाही.

आता, जिथं काढणारा असतो तिथं लावणारा असायचाच. गाळ्यासमोरच, रस्त्याच्या पलीकडे, स्टिकर कापून चिकटवणाऱ्याचं दुकान होतं. त्या गृहस्थांना लोक चिकटराव म्हणायचे. त्यात धंदा आणि स्वभाव दोन्ही आले. खरं पाहता दोघं एकमेकांच्या जिवावर जगत होते. चिकटरावांचं गिऱ्हाईक चार-पाच वर्षांनी काकांकडे यायचं आणि काकांकडून निघालेली गाडी आठवड्याभरात चिकटरावांच्या दारात उभी असायची. तरी अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

त्याचं कारण चिकटरावांचा बोर्ड. त्यांनी एकदा दुकानावर लावलं: 'आमचं स्टिकर निघत नाही. निघालं तर दाखवा!' त्याच दिवशी त्यांचं एक गिऱ्हाईक, बायकोशी भांडण झाल्यामुळे, मडगार्डवरचं नाव काढायला काकांकडे आलं. काकांनी चौदा मिनिटांत नाव काढलं. तिथंच थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण बोर्डावर 'दाखवा' असं लिहिलं होतं आणि काका लिहिलेलं पाळणारे. त्यांनी ते नाव एकही अक्षर न फाटता मेणकागदावर उतरवलं आणि गिऱ्हाइकाच्याच हाती पलीकडे पाठवून दिलं.

चिकटरावांनी ते घेतलं, बघितलं, आणि त्या दिवसापासून रस्त्याच्या या बाजूला बघायचं सोडलं. बोर्ड मात्र काढला नाही.

अशात एका रविवारी जेवताना लेकीनं सांगितलं की तिनं लग्न ठरवलंय.

"कुणाशी?" काकूंनी विचारलं.

"समोरच्यांच्या मुलाशी."

"कुणा समोरच्यांच्या?" काका म्हणाले. त्यांना कळलं होतं, पण माणूस अशा वेळी थोडा वेळ मागून घेतो.

"बाबा, तुमच्या समोर एकच दुकान आहे."

मुलगा वाईट नव्हता. एका दवाखान्यात एक्स-रे काढायचा, पगार वेळेवर यायचा, बोलणं मऊ होतं. काकांना दोष काढायला जागाच नव्हती, आणि दोष नसलेल्या जावयाचा त्यांना जास्त राग आला. काकूंनी तेव्हाच सांगून टाकलं, "मुलगा बघून हो म्हणा. त्याचा बाप आपल्याला आयुष्यभर टाकीवर लावून फिरवायचा नाहीये."

पण नेमकं तेच मुलाच्या बाबतीत झालं होतं. त्याच्या मोटारसायकलीच्या टाकीवर, दोन्ही बाजूंना, इंचभरही जागा न सोडता, वडिलांच्या दुकानाची जाहिरात होती: पिवळ्यावर लाल अक्षरं, फोन नंबर आणि खाली 'एकदा लावा, जन्मभर बघा'. लेकीनं त्याला बजावलं होतं, "मी बोर्डाच्या मागं बसून गावभर फिरणार नाही."

म्हणून एका दुपारी, चिकटराव माल आणायला गेलेत असं बघून, मुलगा गाडी ढकलत छपराखाली आला. इंजिनाचा आवाज नको म्हणून ढकलत.

"काका, एवढं काढून द्याल का? बाबांना मी नंतर सांगतो काहीतरी."

काकांनी गाडीकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, आणि पलीकडच्या बोर्डाकडे बघितलं. इतका आनंद त्यांना लेकीच्या जन्मानंतर पहिल्यांदाच होत होता. चिकटरावांचं स्टिकर, चिकटरावांच्या मुलाच्या गाडीवरचं, मुलाच्याच विनंतीवरून! मेणकागदाचा ताव केवढा लागेल, याचासुद्धा त्यांनी मनात हिशेब केला.

"बस," ते म्हणाले. "तासाभराचं काम."

मुलगा बादली उलटी करून बसला. सासरेबुवांवर छाप पाडायची म्हणून बोलायला लागला. "गाडी सहा वर्षांची आहे, पण एकदम नवी घेतलेली. मी पास झालो तेव्हा बाबांनी शोरूममधून आणून दिली. दारात उभी केली आणि म्हणाले, घे, कोरी करकरीत. तेव्हा दुकान तसं बेताचंच चालायचं. तरी घेतली."

काका ड्रायर फिरवत 'हं' म्हणाले. कोपरा ऊन झाला. त्यांनी नख घातलं, टोक उचललं, दोन बोटं मागं दुमडलं. खाली निळा रंग होता. आणि त्या निळ्यात आणखी गडद निळं एक टोक होतं, पिसासारखं.

काकांचा हात थांबला.

ते पीस त्यांच्या ओळखीचं होतं. सहा वर्षांपूर्वी अशीच एक निळी गाडी गाळ्यात आली होती. तिच्या टाकीवर पंख पसरलेला भला मोठा गरुड होता, आठ वर्षं उन्हात राहिलेला. काकांनी गरुड काढला, डिंक काढला, दोन दिवस पॉलिश केलं. पण आजूबाजूचा रंग उन्हानं उडाला होता आणि गरुडाखालचा जसाच्या तसा राहिला होता. स्टिकर गेलं तरी गरुड तिथंच, पंख पसरून. याला कुणाकडेच इलाज नसतो. मालकांनी वैतागून गाडी पडत्या भावात काढली होती. कुणाच्या तरी मेहुण्यानं नेली, एवढंच काकांना आठवत होतं. तो मेहुणा कुणाचा, हे आता कळलं. आणि टाकी इंचभरही मोकळी का ठेवली नव्हती, तेही.

हे सगळं त्यांच्या ध्यानात यायला ड्रायर दोनदा इकडून तिकडे फिरवण्याइतकाही वेळ लागला नाही. आणि लगेच मनात आलं: काढावं. अख्खं काढावं. पलीकडच्याची कोरी करकरीत गाडी भर दुपारी सगळ्यांनी बघावी. अकरा वर्षांत अशी संधी चालून आली नव्हती आणि यात काकांची काही चूकही नव्हती. मुलानंच आणून दिलं होतं.

"काय झालं काका?" मुलानं विचारलं. तो वाकून बघायला लागला.

काकांनी तळहातानं ते टोक दाबून धरलं. मुलगा अजून मघाच्याच चेहऱ्यानं बघत होता, शोरूमची गोष्ट सांगतानाच्या. काकांनी तळहात उचलला नाही. उलट अंगठ्यानं कोपरा घासून घासून पुन्हा बसवला.

"निघत नाही," ते म्हणाले.

आयुष्यात हे दोन शब्द त्यांनी कधी उच्चारले नव्हते, त्यामुळे ते त्यांना धड म्हणता आले नाहीत.

"म्हणजे?"

"म्हणजे निघत नाही. डिंक वेगळा आहे. जोर केला तर रंग निघेल."

"पण तुम्ही तर..."

"अरे, नाही निघत म्हटलं ना! वडिलांनी पक्कं लावलंय. चांगलं लावलंय," काका म्हणाले, आणि वर हेही तोंडून गेलं, "शिकायला पाहिजे त्यांच्याकडून."

मुलगा गाडी ढकलत परत गेला. काका स्टूलावर बसून राहिले. थोड्या वेळानं त्यांनी उगाचच ड्रायर चालू करून स्वतःच्या पायावर गरम हवा घेतली, कारण हाताला दुसरं काही सुचत नव्हतं.

मुलानं ते बापाला कसं सांगितलं कोण जाणे, पण दोन दिवसांत समोरच्या बोर्डावर एक नवी ओळ आली. लाल, चमकती, रात्री दिव्यात उजळणारी: 'खुद्द काढणाऱ्यांनी हात टेकले!'

गाळ्याचे मालक धावत मागं आले. "हे काय? तुम्ही असं म्हणालात?"

"म्हणालो."

"का?"

"निघालं नाही म्हणून."

"अहो, तुम्ही दहा वर्षांचं उन्हात वाळलेलं काढता! त्याचं सहा वर्षांचं निघेना?"

"वय झालं," काका म्हणाले. मालकांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू काकांच्याच टाकीवर गंज आलाय.

पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. गाडी घेऊन येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "हे समोरच्यांचं तर नाही ना बघा, नाहीतर तुम्हाला उगाच त्रास." पानाच्या डबीएवढं स्टिकर काढून दिलं तरी लोक शाबासकी देऊ लागले. काका दात ओठ खात काम करायचे, आणि तेही अलगद.

त्याचा एक परिणाम मात्र झाला. चिकटराव स्वतः होऊन गाळ्यामागच्या गल्लीत काकांच्या घरी आले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच रस्ता ओलांडून आले, तेही नव्या शर्टात, सोबत बायकोला घेऊन. जिंकलेला माणूस जसा मोकळा होतो तसे ते मोकळे झाले होते. चहा घेतला, पंखा चांगला आहे म्हणाले, मुलीचं पार्लर चांगलं चालतं असं ऐकलंय म्हणाले, आणि घड्याळात अर्धा तास व्हायच्या आत लग्नाला होकार देऊन मोकळे झाले. जाताना दारात काकांचा हात हातात घेऊन म्हणाले, "झालं गेलं सोडा. तुम्ही मोकळ्या मनानं कबूल केलंत, यात सगळं आलं."

काका म्हणाले, "हो, हो."

दार लागल्यावर काकू बराच वेळ नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत एक नवाच आदर होता. "तीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी डोकं चालवलंत," त्या म्हणाल्या. "मुद्दाम हरलात ना? पोरीसाठी?"

खरं सांगायचं म्हणजे गरुडाचं सांगावं लागणार होतं. काका म्हणाले, "मुद्दामच." आणि बायकोच्या लेखी ते कायमचे धोरणी ठरले.

लग्न साधेपणानं झालं. लेक सासरी गेली, म्हणजे रस्त्याच्या पलीकडे, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. बोर्डाच्या मागं बसायला लागू नये म्हणून तिनं स्वतःची एक स्कूटर घेतली आणि तिच्यावर एकही स्टिकर लावू दिलं नाही. सासऱ्यांनी तीनदा विचारून बघितलं, मग नाद सोडला.

दोनेक महिन्यांनी ती पार्लरमधून येता येता छपराखाली थांबली. "बाबा, एक खरं सांगा. ते स्टिकर खरंच निघालं नव्हतं?"

"नाही निघालं."

"कारण ह्यांना तसं वाटत नाही. ते म्हणतात, काकांनी कोपरा उचलला, काहीतरी बघितलं आणि परत दाबला. गाडी जुनी आहे हे तुम्हाला तिथं कळलं असणार, म्हणून."

काकांच्या हातातली चिंधी बादलीत पडली. "त्याला माहीत आहे?"

"सहा वर्षांपासून! गाडी मिळाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात वाहतूक पोलिसानं अडवून कागद बघितले आणि भर चौकात मोठ्यानं वाचले: दुसरा मालक. घरी येऊन गप्प बसले. म्हणाले, बाबांनी एवढ्या हौसेनं खोटं सांगितलंय, ते कशाला मोडायचं?"

"मग मला ती शोरूमची गोष्ट कशाला सांगितली?"

"तुमच्यासमोर बाबांचं नाव राहावं म्हणून."

काकांनी चिंधी बादलीतून काढून पिळली. जे लपवायला त्यांनी स्वतःची अकरा वर्षांची अब्रू उधळली, ते ज्याच्यापासून लपवायचं त्याला आधीपासून माहीत होतं.

"आण ती गाडी," ते उठत म्हणाले. "आत्ता काढून देतो. चौदा मिनिटांत."

"आता नको," लेक म्हणाली. "आता सासरे बोर्ड लावून बसलेत. त्यांचं काय?"

तेव्हा काका परत खाली बसले.

पुढं, एका सुट्टीच्या दिवशी गाळा बंद होता, काका एकटेच चिंध्या वाळत घालत होते. मागच्या फाटकाची कडी वाजली. बाहेर चिकटराव उभे होते. त्यांच्यामागं एका कुरिअर कंपनीच्या पंधरा मोटारसायकली ओळीनं उभ्या.

"व्याही, जरा काम होतं," ते म्हणाले. त्यांची नजर काकांच्या गुडघ्यांवर होती. "काल संध्याकाळी स्टिकरं लावलीत सगळ्यांवर. उद्या सकाळी त्यांचे मोठे साहेब बघायला येणार. आणि आज आमच्या लक्षात आलं."

काकांनी जवळच्या टाकीवर वाचलं: 'शिघ्र सेवा'.

"मग? चांगलं दिसतंय की."

"ऱ्हस्व पडलंय. दीर्घ पाहिजे होतं. त्यांचे साहेब आधी मास्तर होते म्हणे." चिकटरावांनी कपाळ पुसलं. "नुसती वेलांटी कापून काढता येईल का? ब्लेडनं?"

"रंगावर ब्लेड? या छपराखाली नाही. अख्खं काढू. कालचंच आहे, डिंक अजून धरला नसेल." काकांनी ड्रायरची वायर सोडली. मग, तोंड पलीकडे करून, "पण तुमचं तर निघत नाही ना?"

चिकटरावांनी पुन्हा कपाळ पुसलं. "पोराच्या गाडीचा तो कोपरा," ते म्हणाले, "तुम्ही परत बसवलात तो. आत हवा राहिली होती. त्या रात्री मीच पुन्हा दाबला."

काकांनी वळून बघितलं. "म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"मी लावलंय ते. मला नाही कळणार कोपरा कुणी उचलला ते?"

"आणि वर बोर्ड लावलात? हात टेकले म्हणून?"

"तो धंदा झाला हो," चिकटराव म्हणाले, आणि त्यांना खरंच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

काकांनी दुसरी बादली व्याह्यांसाठी उलटी घातली. दुपारभर दोघांनी काम केलं. चिकटराव ड्रायर धरायचे, काका ओढायचे. चिकटराव ड्रायर फार जवळ न्यायचे, काका त्यांचं मनगट धरून मागं सारायचे. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पंधराही टाक्या स्वच्छ झाल्या. चिकटरावांनी पिशवीतून नवीन कापून आणलेली अक्षरं काढली आणि लावायच्या आधी एक ताव काकांसमोर धरला.

"आता बरोबर आहे ना?"

काका सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी ताव जवळून बघितला, लांबून बघितला. "मला काय विचारता? तुमच्या सुनेला विचारा."

काकांनीच फोन लावला. लेक म्हणाली, "शीघ्र. श दीर्घ, म्हणजे दुसरी वेलांटी. पण बाबा, सुट्टीच्या दिवशी तुम्हाला हे कशाला पाहिजे?"

"सहज," काका म्हणाले.

"आणि मागं कोण खोकतंय? सासऱ्यांसारखा आवाज येतोय."

काकांनी फोन व्याह्यांसमोर धरला. व्याह्यांनी जोरजोरात मान हलवली, हातानं नको नको केलं, आणि पुन्हा खोकले.

"कुणी नाही गं," काका म्हणाले. "एक गिऱ्हाईक आहे."